बोन्सायला पाणी : घड्याळ पाहून की माती पाहून?



मुंबईच्या उपनगरांत अंगण फारच थोड्यांच्या वाट्याला येते. पण झाडांची हौस अंगणावाचून अडत नाही. वर्सोव्यासारख्या समुद्रकाठच्या वस्तीत इमारतींच्या गॅलऱ्यांकडे मान वर करून पाहा. एखाद्या गॅलरीत उथळ कुंडीत हातभर उंचीचा वड, पिंपळ किंवा नांद्रूक दिसेल. उंची लहान, पण खोड जून, फांद्या पसरलेल्या, पारंब्याही सुटलेल्या! हेच बोन्साय. जपानी भाषेत 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लावणे. ही कला मूळची चीनमधली. ती जपानमध्ये वाढली आणि तेथून जगभर गेली. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत भरणाऱ्या उद्यान प्रदर्शनात अशी झाडे तुमच्यापैकी काहींनी पाहिलीही असतील.

बोन्साय वाढवणाऱ्या अनुभवी माणसांना विचारले, की ही झाडे बहुधा कशाने मरतात, तर ते कीड किंवा ऊन यांचे नाव आधी घेत नाहीत. ते म्हणतात, "पाण्याने." कोठे पाणी कमी पडते, कोठे जास्त होते. वीस-वीस वर्षे जपलेले झाड एका आठवड्यात जाते, आणि पाणी घालणारा मात्र म्हणत राहतो, "अहो, मी तर रोज न चुकता घालत होतो!"

हे 'रोज न चुकता' हेच दुखणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बोन्सायला पाणी घड्याळ पाहून घालू नये, माती पाहून घालावे. हे वाक्य दिसते सोपे. पण त्यामागे पदार्थविज्ञान आहे, वनस्पतिशास्त्र आहे आणि थोडे हवामानशास्त्रही आहे.

पाणी कमी दिल्याने झाड बुटके होत नाही

आधी एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटते, की बोन्साय लहान राहते ते उपाशी-तहानलेले ठेवल्यामुळे. हे खरे नाही. झाड लहान राहते, कारण त्याचे शेंडे वेळोवेळी खुडले जातात, फांद्या छाटल्या जातात, आणि दर एक-दोन किंवा अधिक वर्षांनी कुंडीतून काढून मुळे कातरून ते नव्या मातीत लावले जाते. मुळांना जागाही थोडीच मिळते. पाण्यात मात्र काटकसर नसते. तहानलेल्या झाडाची पर्णरंध्रे मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत येईनासा होतो आणि अन्न तयार होणे थांबते. असे झाड सुबक बुटके होत नाही, ते फक्त मरणाच्या वाटेला लागते.

उलट बोन्सायला पाण्याची गरज मोठ्या झाडापेक्षा अधिक निकडीची असते. रस्त्याकडेच्या वडाची मुळे दूरवर आणि खोल जातात. वरची माती सुकली, तरी त्याला खालचा ओलावा मिळतो. पाच-सहा सेंटिमीटर खोल तबकातल्या वडाने कोठे जावे? त्याच्या पाण्याची सारी शिल्लक त्या मूठभर मातीत असते. मे महिन्याच्या उन्हात ती एका दिवसातही संपू शकते.

मग भरपूर पाणी घालून माती सदैव चिंब ठेवली तर? तेथेच दुसरा धोका आहे.

मुळेही श्वास घेतात

पाने श्वसन करतात हे तुम्ही पुस्तकात वाचले आहे. मुळेही श्वसन करतात. त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतील हवेतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरून गेल्या तर काय होईल? २५ अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅम विरघळलेला असतो. शिवाय पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारावा भाग एवढाच आहे. म्हणजे चिंब मातीतले मूळ बुडणाऱ्या माणसासारखे गुदमरते.

याचा पुरावा वर्सोव्याच्या खाडीकाठीच उभा आहे. ओहोटीच्या वेळी तेथल्या तिवरांच्या खालचा चिखल पाहा. चिखलातून पेन्सिलीएवढ्या काड्याच काड्या वर आलेल्या दिसतात. त्या मेलेल्या काटक्या नव्हेत. ती तिवराची श्वसनमुळे आहेत. खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून तिवराची काही मुळे उलटी, वरच्या दिशेने वाढतात आणि हवेतला ऑक्सिजन खालच्या मुळांपर्यंत पोचवतात. पाण्यात पाय रोवून जगायचे, तर झाडाला एवढी तयारी करावी लागते! कुंडीतल्या पिंपळाकडे किंवा चिंचेकडे अशी सोय नाही. त्यांना तिवराप्रमाणे वागवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला खाडीत ढकलणे.

गुदमरलेली मुळे कुजू लागली, की एक चमत्कारिक गोष्ट घडते. ती पाणी शोषू शकत नाहीत. माती ओली, पण झाड तहानलेले! पाने मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. मालक पाहतो आणि म्हणतो, "पाणी कमी पडले वाटते." तो आणखी एक तांब्या ओततो. उरलीसुरली मुळेही जातात. कोमेजलेले पान पाणी 'घाला' असे सांगत नाही. ते फक्त 'पानाला पाणी पोचत नाही' एवढेच सांगते. का पोचत नाही, हे मातीला विचारावे लागते.

स्पंजाचा प्रयोग

आता एक प्रयोग करा. घरातला लांबट चौकोनी स्पंज घ्या आणि बादलीत पूर्ण भिजवा. तो आडवा, सपाट धरून बाहेर काढा. पाणी टपकेल, मग थांबेल. थांबल्यावर, न पिळता, तो लांब कडेवर उभा करा. पुन्हा पाणी टपकू लागेल! तेही थांबल्यावर तो अरुंद कडेवर आणखी उंच उभा धरा. आणखी थोडे पाणी गळेल.

असे का झाले? स्पंजाच्या बारीक छिद्रांत केशाकर्षणामुळे पाणी धरून ठेवले जाते. गुरुत्वाकर्षण ते खाली ओढते, केशाकर्षण वर धरते. या ओढाताणीत तळाशी ठरावीक जाडीचा एक चिंब थर नेहमीच शिल्लक राहतो. स्पंज आडवा असताना हा थर जवळजवळ संपूर्ण स्पंज व्यापतो. उभा केला, की तो फक्त खालच्या भागात राहतो.

कुंडीचेही असेच असते. खोल कुंडीत तळाचा चिंब थर हा मातीचा लहानसा भाग असतो. बोन्सायच्या उथळ तबकात तोच थर मुळांच्या गळ्याशी येतो. थोडे गणित करू. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी केशाकर्षणाने सुमारे ३ सेंटिमीटर चढते. अर्ध्या मिलिमीटरच्या नळीत ६ सेंटिमीटर. माती म्हणजे सरळ नळ्या नव्हेत, पण अंदाज येतो. बारीक पोयट्याच्या मातीतल्या पोकळ्या याहूनही लहान असतात. म्हणजे पाच सेंटिमीटरचे तबक वरपासून खालपर्यंत चिंबच राहणार. म्हणून बोन्साय बागेतल्या मातीत लावत नाहीत. विटेचे ३ ते ५ मिलिमीटरचे चाळलेले तुकडे, जाड नदीची वाळू आणि थोडे कुजलेले खत असे भरड मिश्रण वापरतात. त्यातून पाणी झरझर निघून जाते आणि त्याच्या मागोमाग ताजी हवा आत ओढली जाते. (वर्सोव्याच्या चौपाटीवरची वाळू मात्र आणू नका, तिच्यातले मीठ मुळांना घातक आहे.)

येथे दुसरा गैरसमज पाहा. कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर दिला, की पाण्याचा निचरा चांगला होतो, असे सगळीकडे सांगतात. वर बारीक माती आणि खाली मोठे खडे असतील, तर वरच्या मातीतले पाणी खड्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. आधी वरची माती चिंब होते, मगच ते खाली टपकते. म्हणजे चिंब थर नाहीसा होत नाही. तो फक्त मुळांच्या अधिक जवळ, वर सरकतो. भोकावर माती वाहून न जाण्यापुरती जाळी किंवा खापरीचा तुकडा पुरे. भरडपणा हवा तो सगळ्या मिश्रणात.

स्पंज आणखी एक युक्ती शिकवतो. पावसाळ्यात संततधार लागली, की बोन्सायवाले तबकाच्या एका बाजूखाली लाकडाचा ठोकळा ठेवून ते तिरपे करतात. तबक तिरपे झाले, की उंची वाढते, चिंब थर एका कोपऱ्यापुरता उरतो आणि बाकीची मुळे मोकळा श्वास घेतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. ज्या शहरात असा पाऊस पडू शकतो, तेथे ही युक्ती ठाऊक असलेली बरी.

घड्याळाला काय कळते?

मुंबईत पुष्कळ घरांत झाडांना पाणी घालण्याची वेळ झाड ठरवत नाही. नळाला पाणी येण्याची वेळ ठरवते. नळ आला, बादल्या भरल्या, उरलेला तांब्या कुंडीत! सोय म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण त्या तांब्याला आजचे हवामान ठाऊक नसते.

वर्सोव्यातल्या एकाच इमारतीत दोन सारखी झाडे आहेत असे समजा. एक पश्चिमेच्या, समुद्राकडच्या गॅलरीत आणि एक पूर्वेच्या. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. तो पश्चिमेच्या झाडाच्या पानांभोवतीची दमट हवा सतत उडवून नेतो, त्यामुळे बाष्पोत्सर्जन वाढते. त्याच बाजूला दुपारनंतरचे तिरपे ऊनही येते. पूर्वेकडच्या झाडाला सकाळचे कोवळे ऊन आणि आडोसा. दोघांना रोज सारखाच एक पेला पाणी घातले, तर एक तहानेल आणि एक बुडेल. समुद्राकडच्या पानांवर वाऱ्याबरोबर खारे तुषारही येऊन बसतात. ती मधूनमधून गोड्या पाण्याने धुवायला हवीत.

ऋतू बदलतो तेव्हाही तसेच. जुलैत हवाच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे पानांतून पाणी कमी उडते. ऑक्टोबरात ऊन तापते. थंडीत सकाळी जमिनीकडून कोरडा वारा येतो आणि 'गारवा आहे, पाणी कशाला?' असे म्हणणारा फसतो. 'पाऊस पडला, म्हणजे पाणी मिळाले' असे म्हणणाराही फसतो. दाट पानांच्या वडाखाली आपण पावसात आडोशाला उभे राहतो ना? तशी लहान वडाचीही छत्री असते. भुरभुर पावसात पाने ओली आणि माती कोरडी, असे सहज घडते.

झाडांच्या स्वभावातही फरक असतो. अडेनियम आणि जेड आपल्या मांसल खोडात व पानांत पाणी साठवतात. त्यांची माती चांगली सुकू द्यावी आणि पावसाळ्यात त्यांना छपराखाली घ्यावे. वड, नांद्रूक यांना ओलावा मानवतो. पिंपळाची पाने गळून तो निष्पर्ण होतो, तेव्हा बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबते आणि पाणी फार कमी लागते. नवी तांबूस पालवी फुटली, की तोच पिंपळ पुन्हा पाणी मागू लागतो. चिंचेची पाने तर रोज संध्याकाळी मिटतात. ती तहानेने नव्हे, झोपेने! हे ठाऊक नसेल, तर माणूस दररोज संध्याकाळी घाबरून पाणी ओतत बसेल.

मातीला विचारायचे कसे?

पहिली रीत बोटाची. वरची माती नुसती पाहू नका. बोट पेराभर आत घाला. थंड-ओलसर लागले तर थांबा. कोरडे होत आले असेल तर पाणी घाला.

दुसरी रीत काडीची. बांबूची एक कोरडी काडी मातीत कायम खोचून ठेवा. बाहेर काढली असता ती ओल्या रंगाची दिसली, तर आत पाणी आहे.

तिसरी रीत मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात आकडे आहेत. कुंडी तराजूवर ठेवा. समजा, पाणी घालून निथळल्यावर ती ३ किलो २०० ग्रॅम भरली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ३ किलो ५० ग्रॅम. एका दिवसात झाडाची वाढ होऊन होऊन किती होणार? ती सोडून द्या. १५० ग्रॅम गेले, म्हणजे सुमारे १५० मिलिलिटर पाणी उडाले. असे महिनाभर करा. मग कुंडी हाताने किंचित उचलली, तरी वजनावरून तुम्हांला कळू लागेल.

पाणी घालायचे ठरले, की चमचाभर शिंपडू नका. बारीक छिद्रांच्या झारीने सावकाश, सर्व बाजूंनी, तळाच्या भोकांतून पाणी वाहीपर्यंत घाला. दहा मिनिटे थांबून पुन्हा एकदा घाला. याला कारण आहे. फार सुकलेली माती आक्रसून कुंडीपासून सुटते, आणि तिच्यातले सेंद्रिय कण पाणी झिडकारतात. पहिले पाणी कडेच्या फटीतून सरळ निघून जाते, आपल्याला वाटते झाड प्याले! माती अगदीच कोरडी पडली असेल, तर कुंडी पाण्याच्या टपात ठेवा. बुडबुडे येणे थांबले, की मातीतल्या मोकळ्या जागा पाण्याने भरल्या. मग ताबडतोब बाहेर काढून निथळू द्या. खालच्या ताटलीत साचलेले पाणी ओतून टाका.

भर दुपारी माती सुकलेली दिसली तर संध्याकाळची वाट पाहू नका. सावलीत घेऊन तेव्हाच पाणी घाला. फक्त गच्चीवरच्या टाकीतले पाणी उन्हाने तापलेले नाही ना, हे हात लावून पाहा.

मग एवढी यातायात कशाला?

काही जण म्हणतील, "एवढा वेळ कोणाला आहे?" माझे उत्तर असे, की बोट मातीत घालायला दहा सेकंद लागतात. वेळ लागत नाही, लक्ष लागते. ज्याला तेवढे लक्ष देणे शक्य नाही, त्याने बोन्साय घेऊ नये. मोठ्या कुंडीत तुळस किंवा जास्वंद लावावी, ती आपली चूक अधिक पोटात घालते.

दुसरे काही म्हणतील, "बोन्साय करणे हाच झाडाचा छळ आहे." या मताचा मी आदर करतो. पण विचार करा : वेळेवर छाटलेले, नीट पाणी-खत मिळालेले कुंडीतले झाड माणसाच्या कित्येक पिढ्या जगू शकते. मला छळ दिसतो तो दुसरीकडे. शोभेसाठी आणलेले, ज्याची माती कोणी कधी चाचपलीच नाही अशा झाडाचा.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपण फळ्यावर बाष्पोत्सर्जनाची आकृती काढतो, मुले ती पाठ करतात, आणि वर्गाच्या खिडकीतली कुंडी मात्र सुकून जाते. आठवीच्या वर्गात एक उथळ कुंडी आणि एक तराजू ठेवा. पाळीपाळीने मुलांनी रोज ठरलेल्या वेळी वजन, तापमान आणि 'ऊन, ढग, वारा, पाऊस' एवढी नोंद करावी. पाणी घालायचे की नाही, हे त्या दिवशीच्या मुलाने कारण देऊन ठरवावे. जून ते मार्च एवढ्या नोंदींचा आलेख काढला, की वर्सोव्याचे सारे वर्ष त्या कागदावर दिसेल. मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाण्यापूर्वी कुंडी कोणाकडे तरी सोपवावी लागेल. तेव्हा 'रोज एक पेला घाला' असे सांगू नका. बोट मातीत कसे घालायचे ते दाखवून जा.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५ सालापासून तो कुंडीत जोपासला जात आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा तो स्फोटस्थानापासून सुमारे तीन किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत एका भिंतीच्या आडोशाला होता आणि वाचला. १९७६ मध्ये यामाकींनी तो अमेरिकेला भेट दिला. तो हिरोशिमाचा आहे, ही गोष्ट तेथल्या लोकांना २००१ मध्ये यामाकींचे नातू झाड पाहायला आले तेव्हा समजली. अणुबाँबमधून वाचलेले हे झाड नंतर कोणाच्या चार दिवसांच्या विसरभोळेपणानेही मेले असते. ते मेले नाही, कारण चारशे वर्षे कोणी ना कोणी त्याची माती पाहत आले.

जपानी माळ्यांत एक म्हण आहे : पाणी घालायला शिकण्यास तीन वर्षे लागतात. झारी उचलायला तीन वर्षे लागत नाहीत; पाहायला शिकण्यास लागतात. तुम्ही आठवीत असाल, तर शालान्त परीक्षेपर्यंत तुमच्या हातात तेवढाच अवधी आहे. आजच एक काडी मातीत खोचा आणि वहीत पहिली नोंद करा.